पडद्याकडे पाठ

मामांनी उरणच्या आमच्या थिएटरात पंधरा-वीस वर्षं काढली आणि अख्खा सिनेमा एकही पाहिला नाही. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई फेकतेय. कुणी म्हणतं, हलवायाला मिठाईचं कौतुक नसतं, तसं असेल. तसं नव्हतं. हलवाई निदान मिठाईकडे बघतो तरी. मामा पडद्याखाली डाव्या कोपऱ्यात, बाजूच्या दाराला लागून, एका लोखंडी स्टुलावर पडद्याकडे पाठ करून बसायचे. मांडीवर बॅटरी, खांद्यावर पंचा आणि नजर समोरच्या माणसांवर. मागे पडद्यावर गाव जळो की पूर येवो, मामांची मान काही वळायची नाही. आता मामा नाहीत. स्टूल आहे, आणि त्याच्याकडे बघितलं की मला अजून आपली पाठ ताठ करावीशी वाटते.

मी मूळची पालीची. मामा नात्याने माझे कुणी नव्हते, थिएटरात सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मॅनेजर म्हणून उरणला आले तेव्हा पहिल्याच दिवशी अंधारात हा माणूस बघून दचकले होते. पडदा सोडून माझ्याकडेच टक लावून बसलेला! मध्यंतरात मी तोऱ्यात विचारलं, "मामा, तुम्ही असे उलटे का बसता?"

"उलटा मी नाय बसलो, बाय," मामा म्हणाले. "चोर पडद्यात नसतो. चोर सगले त्या बाजूला."

मामा आधी मिठागरावर राखणदार होते. भरलेल्या मिठाच्या राशींची राखण करायची, भरतीच्या वेळी बांधावर फेरी मारायची, हे त्यांचं तरुणपण. पुढे बंदर वाढलं, मिठागरांवर भराव पडला, तिथे कंटेनरची गोदामं आली आणि मामा थिएटरच्या मालकाकडे, म्हणजे शेठकडे, कामाला आले. राखण मात्र त्यांनी जुन्याच रीतीने चालू ठेवली. "राखनदारानी मिठाकडं बगायचा नसतो," ते सांगायचे. "मीठ काय पलून जातंय? वाटंकडं बगायचा. येनारा वाटंनीच येतो." शेठ त्यांना पहिल्या पहिल्यांदा हसला म्हणे. पण एकदा मामांनी एका माणसाच्या खिशातून नुसतं बोटभर डोकावणाऱ्या मोबाइलवर बॅटरी मारली आणि शेठचं हसू थांबलं.

आता मोबाइलवर सिनेमा चोरणारा माणूस ओळखायचा कसा? याबाबत मामांचा एकच नियम होता. "जो बगतो त्याचा तोंड बदलतो. जो नेतो त्याचा तोंड बदलत नाय." म्हणजे असं की, सिनेमा बघणारा हसतो, तोंड वासतो, डोळे पुसतो, कंटाळून पाय हलवतो. चोरून शूटिंग करणाऱ्याला हललं तर चित्र हलेल याची धास्ती असते. तो पापणीसुद्धा जपून लववतो. सगळं थिएटर खदाखदा हसत असताना एक चेहरा मातीच्या मडक्यासारखा असेल, तर मामा सावकाश उठायचे. सिनेमा चालणार की पडणार, हेही ते शुक्रवारीच सांगायचे. "यो नाय चालाचा. मधल्या रांगंत पाय लय हलले." पोस्टरकडे त्यांनी ढुंकूनही बघितलेलं नसायचं.

हे ऐकून मामा म्हणजे कुणी अंतर्ज्ञानी होते असं समजू नका. ते सपशेल चुकायचेही. एकदा ऐन विनोदी प्रसंगात त्यांनी एका म्हाताऱ्या निवृत्त मास्तरांचं मनगट धरलं. चेहरा अगदी दगड, आणि कानापाशी हिरवा दिवा लुकलुकतोय! कॅमेराच असणार! दिवे लागले, खेळ थांबला, आणि निघालं काय, तर ऐकायचं यंत्र. तेही बंद पडत आलेलं, म्हणून मास्तरांना विनोदच ऐकू येत नव्हते. थिएटर मूळ विनोदापेक्षा जास्त हसलं. शेठने मामांना सगळ्यांदेखत झापलं. मामांनी खाली मान घालून ऐकून घेतलं, आणि पुढे मास्तर आले की मामा त्यांना आधी पंख्याखालची खुर्ची द्यायचे, मग गरम वडापाव आणून द्यायचे. तरीही दगडी चेहऱ्याचा नियम त्यांनी सोडला नाही. "येकदा चुकला म्हनून काय डोले मिटून बसू?"

मामांच्या या राखणीला आजच्या काळात का महत्त्व आलं, ते सांगायला हवं. पूर्वी सिनेमाची रिळं पेटीतून यायची. आता सिनेमा येतो तो कुलूपबंद, यंत्रात भरलेला. तो उघडायची चावी वितरकाकडून वेगळी येते. आमच्याच यंत्रात चालणारी, ठरलेल्या दिवसांपुरतीच. दिवस संपले की सिनेमा यंत्रात असून नसल्यासारखा. दर गुरुवारी मामा दारातूनच विचारायचे, "बाय, चावी आयली का?" एकदा म्हणाले, दाखव तरी. मी त्यांना संगणकावरची ती ओळ दाखवली. मामांनी वाकून बघितली. "हिला त दातच नायत," म्हणाले आणि गेले.

पण एका गोष्टीने मात्र त्यांची झोप उडवली. सिनेमा पडद्यावर पडताना आमचं यंत्र त्या चित्रात एक न दिसणारी खूण मिसळत असतं. कुठलं थिएटर, कुठला दिवस, कुठला खेळ, सगळं त्या खुणेत असतं. प्रेक्षकाला ती कधीच दिसत नाही. पण कुणी मोबाइलवर सिनेमा उतरवून इंटरनेटवर सोडला, तर वितरकाची माणसं त्या चोरीच्या प्रतीतून खूण बाहेर काढतात आणि थेट आमचं दार ठोठावतात. हे मी मामांना समजावून सांगितलं.

"म्हंजे चोर कोन त्ये नाय कलत. चोरी कुठं जाली त्ये कलतं?"

"हो."

"मंग त्यात माजाच नाव की," मामा म्हणाले.

मी हसले. हसायला नको होतं, कारण थोड्याच दिवसांत ते खरं झालं.

मामांची बायको हिराबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या मंत्रांइतकाच मान धवलारणीच्या धवल्यांना, म्हणजे तिने म्हटलेल्या लग्नगीतांना, असतो. हिराबाईंचा आवाज जाडसर, किंचित चिरका, पण मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचणारा. त्यांचा एक हेका होता. कुणी मोबाइल पुढे केला की त्या गाणं मधेच थांबवायच्या. "धवला मांडवात म्हनायचा. डब्यात भराचा नाय." त्यामुळे गावात घरोघरी मोबाइल, लग्नाची चित्रणं ढिगाने, पण हिराबाईंचा आवाज कुणाकडे नाही. नवरा थिएटरात लोकांचे मोबाइल खाली करायला लावायचा, बायको मांडवात! मी मामांना म्हणायचे, तुमचं लग्न जुळवणाऱ्याला बक्षीस द्यायला पाहिजे. मामा लाजायचे.

मग त्यांच्या गावात एका मराठी सिनेमाचं शूटिंग आलं. हळदीचा मोठा प्रसंग होता, गावच्या बायका-पुरुषांना त्यात उभं केलं होतं, आणि धवला म्हणायला हिराबाई हव्या होत्या. त्या साफ नाही म्हणाल्या. दिग्दर्शक तरुण होता, हात जोडून दारात बसून राहिला. शेवटी हिराबाईंनी अट घातली. मांडव खरा घालायचा, हळद खरी वाटायची, आणि गाव जेवल्याशिवाय उठायचं नाही. "मंग त्यो मांडवच जाला. मंग मी म्हनीन." तसं सगळं झालं. त्या दिवशी मामा कामावर होते, त्यामुळे शूटिंग त्यांनी पाहिलं नाही. संध्याकाळी घरी गेले तर बाई पायांना हळद लागलेली तशीच ओट्यावर बसलेली. "लगीन लावून आयले," म्हणाल्या.

सिनेमा यायच्या आत हिराबाई गेल्या. ताप काय आला आणि काविळीचं निमित्त काय झालं, चार-सहा दिवसांत सगळं आटोपलं. मामा दहाव्यापर्यंत घरी राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी घेतलेली ती पहिलीच मोठी सुट्टी. आणि नेमकं त्याच दिवसांत कुणीतरी आमच्या थिएटरात बसून एक हिंदी सिनेमा अख्खाच्या अख्खा उतरवून नेला.

खूण आमची निघाली. वितरकाने कळवलं की पुन्हा एकदा असं झालं तर चावी कायमची बंद. चावी नाही म्हणजे सिनेमा नाही, आणि सिनेमा नाही म्हणजे थिएटर नाही. शेठला काय, न्हावा शेव्याचा एक गोदामवाला केव्हापासून जागा मागत होता. शेठ मला म्हणाला, "हे बघ, मला या धंद्याची हौस आहे म्हणून चाललंय. अजून एक लफडं झालं की मी पत्रे उतरवणार आणि कंटेनर लावणार." मामांना हे मी सांगणार नव्हते. पण ते डोक्याचं मुंडण, पांढरी टोपी अशा अवस्थेत आले आणि बाहेर पानवाल्याकडूनच ऐकून आत आले.

"मी नवतो म्हनून जाला," ते म्हणाले.

"मामा, तुम्ही दहाव्याला होतात. त्यात तुमचा काय दोष?"

"दोस कोन म्हनतंय? मी नवतो, आनि जाला. मिठागार गेला, आता ह्ये बी जाईल." मग पंच्याने स्टूल पुसून त्यांनी बसायला घेतलं. त्या दिवसापासून मामा मध्यंतरातसुद्धा उठेनासे झाले. चहा मी तिथेच नेऊन द्यायचे.

आणि अशात हिराबाईंचा तो सिनेमा लागायची वेळ आली.

बाहेरचा चोर एकवेळ परवडला. इथे अख्खं गाव पडद्यावर होतं. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी हळदीत नाचलेलं. ही माणसं सिनेमा बघायला येतील आणि आपला चेहरा आला की मोबाइल वर करतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्यात वितरकाने कळवलं की त्यांचा एक माणूस साध्या प्रेक्षकासारखा येऊन बसेल. कोण, ते सांगणार नाहीत. त्याला एक जरी मोबाइल वर दिसला तरी खेळ खलास. शेठ म्हणाला, "सिनेमाच नको लावायला." मामा म्हणाले, "लावायचा."

मी गावात जाऊन बायकांना समजावलं. एक काकू कमरेवर हात देऊन माझ्यापुढे उभी राहिली. "मी नाचलंय, माजा तोंड हाय. पिच्चरवाल्यांनी फुकाट नेला त्ये चालतं, आनि मी माजा तोंड घरी नेला त मी चोर?" तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. मामा माझ्या मागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, "तोंड तुजाच हाय गो. पन खूण थेटराची हाय. नाव माजा जाईल."

काकूने हात खाली घेतला.

शुक्रवारी दुपारच्या खेळाला मामांनी दाराशी मिठाच्या जुन्या पाट्या मांडल्या. ज्याने त्याने आपला मोबाइल आपल्या रुमालात बांधून पाटीत टाकायचा. मिठागरावर भाकरीची गाठोडी अशीच एकत्र ठेवायचे म्हणे, आणि जो तो आपली गाठ ओळखायचा. माणसं रांगेने येत होती, मामांकडे बघत होती, आणि मुकाट्याने मोबाइल टाकत होती. मामांची मुलगी सुगंधाही आली. सासर जवळच्याच गावातलं. तिनेही लाल रुमालाचं गाठोडं पाटीत टाकलं. पाय आखडतो, म्हणून मला वाटेकडेची खुर्ची मागितली. मी दिली.

सकाळी यंत्राची तपासणी करताना मी मामांना विचारलं होतं, तेवढा धवल्याचा भाग आत्ता लावू का? रिकामं थिएटर आहे, ऐकून घ्या. मामांनी मान हलवली. "नको. रिकाम्या मांडवात धवला म्हनत नाय आनि ऐकत बी नाय. गाव येऊ दे. सगल्यांबरोबर ऐकीन." ऐकीन म्हणाले. बघीन म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

खेळ सुरू झाला. मी वर यंत्राच्या खोलीत काचेला नाक लावून उभी. एरवी एकदा खेळ सुरू केला की यंत्र आपलं आपण चालतं, पण त्या दिवशी माझा हात थांबवायच्या बटणापासून हलत नव्हता. आमचं ठरलं होतं, मामांनी बॅटरी गोल फिरवली की खेळ थांबवायचा, दिवे लावायचे. मागच्या रांगेत निळ्या शर्टाचा एक अनोळखी माणूस होता. हाच तो वितरकाचा, असं मी ठरवलं. मग बाल्कनीत एक चष्मेवाला दिसला, तोच असेल असं वाटलं. मध्यंतरापर्यंत मला अर्धं थिएटर वितरकाचं वाटायला लागलं होतं. पडद्यावर गावचे चेहरे दिसले की आरोळी उठायची, पण हात सगळ्यांचे रिकामे. मामा स्टुलावर ताठ. मध्यंतर झालं. पुन्हा अंधार झाला. आता निभावलं, असं मी स्वतःशी म्हणतच होते.

मांडव आला. हळदीची वाटी आली. आणि हिराबाईंचा आवाज आला.

थिएटर एकदम चिडीचूप झालं. तो चिरका, भरदार आवाज चारी बाजूंनी येत होता, माझ्या काचेलासुद्धा त्याचा थरार लागत होता. मी मामांकडे बघितलं. मामांची मान वळली नव्हती. ते वाटेकडच्या एका खुर्चीकडे बघत होते. मीही तिकडे बघितलं. पदराच्या घडीत एक फिकट, निळसर उजेड होता.

ती खुर्ची मीच दिलेली. सुगंधाची.

बॅटरी फिरेल, आता फिरेल, म्हणून मी बटणावर बोट ठेवून उभी. फिरली तर हिराबाईंचा आवाज मधेच तुटणार, आणि तोही मीच तोडायचा. नाही फिरली तर चित्रात आमची खूण चाललेलीच आहे. आणि त्या निळ्या शर्टवाल्याने, नाहीतर चष्मेवाल्याने, नाहीतर आणखी कुणी, तो उजेड बघितला असेल तर सगळं संपलंच.

मामा उठले. बॅटरी त्यांनी लावली नाही. अंधारातच चालत निघाले. आणि मग मी जे बघितलं ते आयुष्यात विसरणार नाही. मामा जसजसे रांगांमधून पुढे येत होते, तसतशा लोकांच्या माना पडद्यावरून त्यांच्याकडे वळत होत्या. सगळ्यांना वाटलं, बायकोचा आवाज ऐकून म्हातारा बसल्या जागी राहू शकला नाही. गावातली ती काकू पदर तोंडात कोंबून रडत होती. कुणीतरी मामांच्या दंडावर हात ठेवला. मामा थांबले नाहीत. का चालले आहेत हे फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि वर मला.

सुगंधापाशी येऊन त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि त्या उजेडावर टाकला. तिचं मनगट धरून तिला उठवलं. दोघं बाजूच्या दाराने बाहेर गेली. दारावरचा जाड पडदा मागे मिटला. हिराबाई अजून म्हणतच होत्या.

मी धावत खाली ऑफिसात आले. सुगंधा भिंतीला टेकून हुंदके देत होती. पाटीत टाकलेला मोबाइल नवऱ्याचा जुना होता. आपला तिने कंबरेला खोचला होता.

"बा, तुजेसाटीच काडत व्हते," ती म्हणाली. "तू त मान वलवनार नाय. आयचा तोंड घरी बसून बगला असतास. आवाज ऐकला असतास."

"कवापासना काडतेस?"

"मध्यंतरापासना. आय कवा येल त्ये मना ठावं नवता."

म्हणजे त्यातून आमची खूण काढायला पुरेल एवढं, आणि वर भरपूर. पण तिने ते अजून कुणालाच पाठवलं नव्हतं. मामांनी मोबाइल तिच्या हातात दिला. "पूस."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, चित्र पुसू दे. आवाज तेवढा ठेवा ना एखाद्या यंत्रात. कुणाला कळणार आहे?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "बाय, मिठागरात कोनी मूठभर मीठ उचलला त आमी काय बोलत नसू. गरीबाची भाजी व्हते. पन राखनदारानी मूठ उचलली का रास गेली समज." मग मुलीकडे वळून हळूच म्हणाले, "आनि तुजी आय डब्यात बसनारी बाई व्हती का, सांग."

सुगंधाने पुसलं. भिंतीपलीकडून टाळ्या आणि शिट्ट्या ऐकू आल्या. धवला संपला होता. मामांनी टाळ्या संपेपर्यंत ऐकल्या, तोंडावरून पंचा फिरवला, आणि पुन्हा आत जाऊन स्टुलावर बसले.

सोमवारी वितरकाचा फोन आला. मी तो उचलायच्या आधी पाणी प्यायले. पलीकडचा माणूस म्हणाला, पुढच्या सिनेमाची चावी पाठवतोय. एवढंच. त्यांचा माणूस कोण होता, त्याने काय बघितलं, बघून काय गिळलं, मला आजवर कळलेलं नाही. शेठने गोदामवाल्याला पुन्हा 'बघू' म्हणून सांगितलं. सगळे सुटले. फक्त मामांचं गावाबरोबर बसून ऐकायचं राहून गेलं, आणि या सिनेमाची चावी गुरुवारी संपत होती.

बुधवारी मी सुगंधाला फोन केला. गुरुवारच्या दुपारच्या खेळाला गावच्या बायका पुन्हा आल्या. कुणी काही न सांगता रुमालात बांधलेले मोबाइल पाटीत पडले. मामा बुचकळ्यात पडले. "परत कशाला आयल्या ह्या?"

"मांडव भरायला," मी म्हणाले. "मामा, आज तुम्ही सुगंधाजवळ बसा. स्टुलावर मी बसते."

"आनि राखन?"

"मीच करणार."

"मान वलंल तुजी."

"नाही वळणार."

मामांनी मांडीवरची बॅटरी माझ्या हातात दिली. ती माझ्या हातात कधी आली नव्हती. चांगलीच जड होती. ते जाऊन खुर्चीत बसले, अगदी पुढे सरकून, बसमध्ये उतरायच्या बेतात असलेल्या माणसासारखे. पडद्याकडे तोंड करून त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते.

पहिला अर्धा सिनेमा त्यांचं लक्ष पडद्यावर कमी आणि माझ्यावर जास्त होतं. नीट राखतेय का बघत होते! मी बायकांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत राहिले. मामा सांगायचे ते खरं होतं. सिनेमा तिथेच दिसतो. कुठे नाच चाललाय, कुठे भांडण, मागे न बघता कळत होतं. मध्यंतर होऊन गेलं. मग सगळ्या चेहऱ्यांवर पिवळा उजेड पडला, आणि माझ्या पाठीमागून हिराबाईंनी धवला धरला.

बायका रडायला लागल्या. काकू रडली. सुगंधाने बापाचा हात घट्ट धरला, तिचे खांदे गदगदत होते. मी मामांकडे बघितलं. मला वाटलं होतं, हा माणूस आता फुटेल, आणि फुटू दे, असंही वाटत होतं.

मामांचा चेहरा बदलला नाही. ओठ हलला नाही, पापणी लवली नाही. सगळं थिएटर पाझरत असताना तो एकच चेहरा मडक्यासारखा घट्ट, जराही हलू न देता धरलेला. मला त्यांचा नियम आठवला, आणि माझी बोटं बॅटरीभोवती आवळली. जो नेतो त्याचा तोंड बदलत नाय.

मी बॅटरी लावली नाही.

खेळ सुटला. माणसं पाट्यांमधून आपापल्या गाठी ओळखून घेऊन गेली. मामा माझ्यापाशी आले. डोळे कोरडे होते, पण चाल जपून, पाण्याने काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावर असावा तशी.

"कोनी सापडला का?" त्यांनी विचारलं.

"एक होता," मी म्हणाले. "पण त्याच्या हातात काही नव्हतं."

मामांनी खाली बघितलं. मग पंचा तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. शेवटी हात पुढे करून माझ्याकडून बॅटरी परत घेतली.

"ऊठ आता, बाय," म्हणाले. "पुढचा खेल लावायचा हाय."